म्हाळातला कॉम्प्युटर

कॉम्प्युटर जोडून घ्यायचा म्हटलं की लोक आधी प्रोसेसर ठरवतात, मग मेमरी, मग बाकीचं. कीबोर्ड सगळ्यात शेवटी, दुकानदार देईल तो. आमच्या घरी हे उलटं झालं. सगळ्यात आधी कीबोर्ड ठरला, आणि तो ठरायलाच अख्खा उन्हाळा गेला, कारण माझ्या भावाच्या बोटांत जेवढा जोर उरला होता तेवढ्यात दबतील अशी बटणं शोधायची होती. परवा माझ्या नवऱ्याचा पुतण्या पुण्याहून आला होता. तो गेम खेळायला मशीन जोडतोय, तेही कमी खर्चात, म्हणून मोबाइलवर एकेक पार्ट दाखवून त्याचे गुण सांगत होता. मी विचारलं, "कीबोर्डची बटणं हलकी आहेत का रे?" तो हसला. म्हणाला, "काकू, ते काय बघायचं असतं?" मी उठून चहा टाकला.

आम्ही सांगलीत गावभागात भाड्यानं राहत होतो. तळमजल्यावर एकापाठोपाठ एक तीन खोल्या, पुढच्या खोलीला रस्त्याकडे खिडकी आणि त्या खिडकीत उदयची चाकाची खुर्ची. तो माझ्याहून दोन वर्षांनी लहान. पहिलीत असताना जिना चढताना गुडघ्यावर हात ठेवायला लागला, चौथीत पडायला लागला आणि पाचवीची शाळा त्यानं अर्धीच केली. मिरजेच्या डॉक्टरांनी अण्णांना आणि आईला आत बोलावून सांगितलं होतं की हा स्नायूंचा आजार आहे, हळूहळू सगळं अंग सोडतो, आईच्या रक्तातून मुलग्यांत येतो आणि त्याला औषध नाही. बाहेर आल्यावर अण्णा रिक्षावाल्याशी भाड्यावरून भांडले. आई आधीच रिक्षात जाऊन बसली होती. तिचा मधला भाऊ बंडू असाच गेला होता, तिच्या डोळ्यांदेखत, तिच्या माहेरी कोरेगावजवळच्या खेड्यात, आणि तेव्हा त्या दुखण्याला कुणी नावसुद्धा दिलं नव्हतं. पुढं मलाही एका डॉक्टरांनी समोर बसवून हे रक्ताचं सगळं समजावलं. मी लग्न केलं, पण मूल होऊ दिलं नाही. त्याबद्दल इथं एवढंच.

घरात दिवसभर आवाज असायचे. सकाळी आईच्या भाकरी थापण्याचा, मग अण्णांच्या शिकवणीच्या पोरांच्या पाढ्यांचा, दुपारी हातगाड्यांच्या चाकांचा. वारा तिकडून असला की मार्केट यार्डातल्या हळदीचा वास थेट घरात यायचा. उदयला भडंग भारी आवडायचं. संध्याकाळी आई त्याच्या पुढ्यातल्या पाटावर वाटीभर भडंग ओतायची आणि तो एकेक दाणा चिमटीत धरून, मान खाली नेऊन खायचा. शेंगदाणा आधी, लसूण शेवटी. पूर्वी हात तोंडापर्यंत जायचा, मग तोंड हातापर्यंत यायला लागलं. तेवढ्यासाठी त्याला अर्धा तास लागायचा आणि मधे कुणी भरवायला गेलं तर तो चिडायचा.

उदय हा गल्लीत सगळ्यांचा 'उद्या' होता. या नावावरून त्यानं जेवढे विनोद केले तेवढे कुणीच केले नसतील. अण्णा कशालाही "उद्या बघू" म्हणायचे, की हा खुर्चीतून ओरडायचा, "मला काय बघायचंय, हा काय इथं बसलोय!" अण्णासुद्धा हसायचे. पण त्यांचं 'उद्या बघू' काही थांबायचं नाही.

कॉम्प्युटरचं वेड त्याला समोरच्या डॉक्टरांच्या मुलानं लावलं. त्यानं एकदा खुर्चीसकट त्याला घरी नेऊन गाड्यांच्या शर्यतीचा गेम दाखवला होता. उदय परत आला तो लालबुंद होऊन. मला वाटलं, याला आता गाडी पळवायची हौस आली असणार, बिचाऱ्याचे पाय चालत नाहीत ना. तसं मी म्हणालेही. तो माझ्यावर उखडला. "पळायचं कुणाला पडलंय, शुभे? मला गाड्या फोडायच्यात. समोरून येणाऱ्याला जाऊन ठोकायचं. ह्या घरात मला सगळे जपूनच ठेवत्यात. एक कपसुद्धा फोडला नाही मी आजपर्यंत." हे अगदी खरं होतं. घरात बशी फुटायची ती माझ्या हातून, आणि बोलणीही मीच खायची.

तर गेम खेळता येईल असा कॉम्प्युटर, तोही अण्णांच्या मास्तरकीच्या पगारात बसेल असा. तयार कंपनीचा घेणं शक्यच नव्हतं. पार्ट आणून जोडायचा. त्यासाठी मामा होता. आईचा धाकटा भाऊ, सैन्याच्या सिग्नल विभागातून पेन्शनीवर आलेला, साताऱ्यात राजवाड्याजवळच्या बोळात टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकून बसलेला. नुकताच कॉम्प्युटरही जोडायला लागला होता. मामाला त्यातलं किती कळत होतं देव जाणे, पण बोलायला बसला की भारताचं सगळं संरक्षण त्याच्या सोल्डरिंग आयर्नवर उभं आहे असं वाटायचं. तोच एसटीनं पिशवीत तीन-चार कीबोर्ड घालून आणायचा आणि उदयच्या मांडीवरच्या पाटावर एकेक ठेवायचा. नवे सगळे कडक निघाले. शेवटी कुठल्याशा ऑफिसातून मोडीत निघालेला एक पिवळट पडलेला कीबोर्ड पसंत पडला. त्याची बटणं वापरून वापरून मऊ झाली होती, दोनवरची अक्षरं पुसली होती. उदयनं बाणाची चार बटणं दाबून पाहिली आणि म्हणाला, "हाच. मामा, हा परत न्यायचा नाही."

म्हणून तो आमच्याकडेच राहिला. वायरीचं टोक कशालाच न जोडलेला कीबोर्ड पाटावर ठेवून उदय रोज दुपारी सराव करायचा. उजव्या हाताची दोन बोटं आणि डाव्याचा अंगठा. डावीकडे, उजवीकडे, वेग, ब्रेक. तोंडानं गाडीचा आवाज. टक टक टक असा तो आवाज घरातल्या बाकीच्या आवाजांत इतका मिसळून गेला की पाहुणे विचारायचे तेव्हाच आमच्या लक्षात यायचा.

बाकीचे पार्ट ठरवायला मी साताऱ्याला गेले. उदयला एसटीत बसवणं आता अवघड होतं, म्हणून त्यानं मला पढवून पाठवलं होतं. मॉनिटर चौदा इंची, जुना चालेल. हार्ड डिस्क लहान चालेल. प्रोसेसर कमी नावाजलेल्या कंपनीचा, स्वस्तातला. सीडी ड्राइव्ह पाहिजेच, कारण गेम सीडीवर येतो. आणि काही झालं तरी थ्रीडी कार्ड सोडायचं नाही. मामानं काउंटरवर उघड्या पोटाच्या दोन टीव्हींच्या मधे जागा करून ते कार्ड ठेवलं, तळहाताएवढी हिरवी पट्टी. "ह्ये न्हाई घातलं तर गाडी पळंल, पर चौकटी चौकटीची दिसंल बघ, शुभे. ह्ये घातलं की फुटल्याली काच काचंवानीच दिसती." मी म्हटलं, "उद्याला तेच पाहिजे. काचा उडायला पाहिजेत म्हणतो." मामा खो खो हसला. मग कार्डावरची धूळ बनियनला पुसत म्हणाला, "बंड्याला पत्त्यांचा बंगला पाडाय लय आवडायचं. आमी बांधायचं, त्यो फुंकर मारायचा. दाजीस्नी सांग, लवकर काय त्ये करा."

मी घरी येऊन सांगितलं. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते वांगीसुद्धा देठाशी उलटून पाहून, चार गाड्या फिरून मग घेणारे. पहिल्यांदा म्हणाले, दिवाळीत भाव चढे असतात, दिवाळी जाऊ दे. मग त्यांना स्टाफरूममध्ये कुणी सांगितलं की बजेटमध्ये ड्युटी कमी होणार, तर मार्चपर्यंत थांबलो. मग मामाच बोलून बसला की नवा प्रोसेसर येतोय, तो आला की आत्ताचा स्वस्त होईल. झालं, अण्णांना तेवढंच हवं होतं. नवा आला. त्याच्या पाठोपाठ त्याहून नवा येतोय असं कळलं. कॉम्प्युटर ही वस्तूच अशी की थांबणारा दर महिन्याला शहाणा ठरतो. प्रत्येक वेळी अण्णा घरात येऊन विजयी मुद्रेनं सांगायचे, "बघ, घेतला असता तर फसलो असतो." आणि उदय म्हणायचा, "मग आता?" आणि अण्णा म्हणायचे, "उद्या बघू." या विनोदाला नंतर नंतर कुणी हसेना.

अण्णा चिकट नव्हते. माझ्या फीला त्यांनी कधी नाही म्हटलं नाही, उदयच्या दवाखान्याला तर नाहीच. मला फार उशिरा, माझ्या चाळिशीनंतर, वाटायला लागलं की त्यांना दुसरीच भीती होती. मुलानं आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती. ती दिली की संपलं, शेवटची इच्छा पुरवल्यासारखं झालं. जोवर मशीन घ्यायचं राहिलंय तोवर मुलगाही आहे, असा काही हिशेब त्या गणिताच्या मास्तरांच्या डोक्यात बसला असावा. मी त्यांना कधी विचारलं नाही. पण तेव्हा मात्र मला त्यांचा नुसता राग यायचा.

पावसाळ्यात उदयचा डावा अंगठा गेला. गेला म्हणजे जागेवर होता, हलायचा नाही. त्यानं बटणं बदलून सगळं उजव्या हातावर घेतलं. भडंग आता आई मिक्सरमधनं काढून चमच्यानं भरवत होती आणि तो चिडत नव्हता. त्याच्या घशात रात्रंदिवस एक बारीक घरघर राहायला लागली. खोकला आला की आई त्याला पुढं वाकवून पाठीवर थापायची, भाकरीसारखीच, हातानं अंदाज घेत घेत.

अशात भाद्रपद आला आणि पितृपंधरवडा लागला. आमच्याकडे त्याला म्हाळ म्हणतात. त्या पंधरा दिवसांत घरात नवी वस्तू येत नाही. कापड नाही, भांडं नाही. आई तर केरसुणीसुद्धा आधी आणून ठेवायची. आजोबांच्या तिथीला आमच्याकडे म्हाळ घातला. सकाळपासून स्वयंपाकघरात धूर, अळूची भाजी, खीर, कढी, आई चुलाणापुढे बसल्यासारखी गॅसपुढे बसून वडे तळत होती आणि मी तिला पीठ थापून देत होते. अण्णा कावळ्याचं पान ठेवायला परसात गेले होते. तळता तळता आईचा झारा थांबला. म्हणाली, "त्याचा आवाज कुठाय गं?"

मला कळलंच नाही कुठला. मग कळलं. पुढच्या खोलीतून टक टक येत नव्हती.

आम्ही दोघी गेलो. उदय कीबोर्डवर बोट ठेवून बसला होता. बोट बाणाच्या बटणावरच होतं. त्याच्या कपाळावर घाम आला होता, ओठ घट्ट मिटले होते, सगळं अंग त्या एका बोटात घातल्यासारखा तो जोर करत होता. बटण अर्धं खाली गेलं आणि वर आलं. आम्हाला पाहून तो म्हणाला, "आज पाऊस हाय ना. गार पडलंय बोट." पाऊस नव्हता. आईनं त्याचा हात आपल्या तेलकट हातात घेऊन चोळला. मग परत ठेवला. या वेळी बटण दबलं. तो हसला. आई हसली नाही.

अण्णा परसातून आले तेव्हा ती मधल्या खोलीत उभी होती. "कॉम्प्युटर आणा," म्हणाली.

"आणू की. मी तेच म्हणत होतो, दसऱ्याला आणू. मुहूर्त चांगला आहे."

"आज आणा."

अण्णांचा मुहूर्तावर काडीचा विश्वास नव्हता. पण ते म्हणाले, "अगं, म्हाळ चाललाय. तूच म्हणतेस ना, या दिवसांत काही आणायचं नाही?"

"मीच म्हणती. आन मीच सांगती, आज आणा. बंड्याचा हात असाच गेला. आज हाय, उद्या न्हाई, आसं."

"दोन-तीन आठवड्यांत काय होणार आहे?"

"तुमास्नी ठावं न्हाई काय हुनार हाय. मला ठावं हाय." एवढं बोलून तिनं गॅस बंद केला, पदर खोचला आणि माझा हात धरून मला कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर घेऊन गेली. पितरांचा स्वयंपाक अर्धा टाकून ती घराबाहेर पडली हे मी आयुष्यात एकदाच पाहिलं. बूथच्या काचेत ती एवढ्या मोठ्यानं बोलत होती की बाहेर उभ्या असलेल्या सगळ्यांना ऐकू जात होतं.

"मशीन घिऊन ये."

पलीकडून मामा काहीतरी म्हणाला.

"व्हय, म्हाळातच. माझं मला कळतंय."

परत काहीतरी.

"जे ठरलंय त्ये नसंल तर जे हाय त्ये घाल. नारळ नगो, काय नगो. तू ये."

मामा दुसऱ्याच दिवशी मित्राची जीप घेऊन आला. वर्षभर निवडलेल्या पार्टांतले निम्मेही त्यात नव्हते. प्रोसेसर ठरल्यापेक्षा मागचा, कुणाच्या तरी बदलून घेतलेल्या मशीनमधला. मेमरी अर्धी. कॅबिनेटचं एक झाकण दुसऱ्याच रंगाचं. थ्रीडी कार्ड मात्र होतं. "एका गिऱ्हाइकाच्या मशीनमधनं काढलंय," मामा माझ्या कानात म्हणाला, "त्याला सांगितलं, पार्ट मुंबईसनं यायचाय." आईनं मशीनला हळदकुंकू लावलं नाही. दारात जीप थांबली तेव्हा शेजारच्या काकू ओट्यावर आल्या, खोकी पाहिली आणि तशाच आत गेल्या. त्यांचं ते आत जाणं आईनं पाहिलेलं मी पाहिलं.

जोडून होईपर्यंत संध्याकाळ झाली. तो पिवळट कीबोर्ड पहिल्यांदा कशाला तरी जोडला गेला. गाडी सुरू झाली. सगळ्या गाड्या पुढं गेल्या आणि उदयनं आपली वळवून उलटी घेतली. मामा ओरडला, "आरं, तिकडं न्हाई, हिकडं!" उदयनं ऐकलंच नाही. समोरून येणाऱ्या लाल गाडीवर त्यानं सरळ नेऊन घातली. धाडकन आवाज झाला, काचा उडाल्या, खरंच उडाल्या, पडदाभर, आणि उदय हसायला लागला. हसता हसता त्याला खोकला आला, आई धावली, आणि तो खोकतच म्हणत होता, "शुभे, फुटली बघ! फुटली की नाही?" माझ्या हातून फुटलेल्या सगळ्या बशा मला त्या क्षणी माफ झाल्या. अण्णा दारात उभे होते. त्यांनी मामाला विचारलं, "याची मेमरी वाढवता येते का पुढं?" मामा उरलेल्या वायरी गुंडाळायला लागला.

उरलेला म्हाळ उदयनं गाड्या फोडण्यात घालवला. सकाळी अंग पुसून झालं की खुर्ची मशीनपुढं. स्वतःच्या बोटानं, दुसऱ्या कुणाचा हात लागू न देता. दसऱ्याच्या आधीच ते बोट थांबलं. त्या दिवशी तो रडला नाही, नुसता पडद्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "शुभे, तू डावं-उजवं बघ. अण्णा, तुम्ही वेगाचं बटण धरा." अण्णा शेजारी खुर्ची घेऊन बसले. समोरची गाडी जवळ आली की त्यांचं बोट आपोआप उचललं जायचं आणि उदय ओरडायचा, "सोडू नका! दाबून धरा, अण्णा!" अण्णा डोळे मिटून दाबून धरायचे. पण ते खेळणं आमचं होतं, त्याचं नव्हतं, आणि हे त्यालाही कळत होतं. दिवाळी झाली तसा तो "नको आज" म्हणायला लागला. मग थंडीत कफ झाला. मिरजेला नेलं, तिथं ऑक्सिजन लावला, आणि तिथून आम्ही त्याला घरी आणलं तेव्हा त्याला बोलता येत नव्हतं. त्याचं शेवटचं मी इथं लिहिणार नाही. लिहायचं ठरवलं होतं, पण जमत नाही.

तेराव्याला घर माणसांनी भरलं. मशीनवर कुणीतरी चादर टाकली होती. वाईच्या आत्या, अण्णांची थोरली बहीण, भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांचंही उदयवर प्रेम होतं, दर सुट्टीत त्याच्यासाठी पेढे आणायच्या. रडून रडून थकल्यावर त्या म्हणाल्या, "वसंता, बोलू नये, पण बोलते. म्हाळात नवी वस्तू घरात आणतात होय रे? शेजारीपाजारी सगळे म्हणतायत. तिथंच घात झाला. कुणाची अक्कल म्हणायची ही?"

 कुणाची ते सगळ्यांना माहीत होतं, आणि बायकांच्या नजरा हळूहळू स्वयंपाकघराच्या दाराकडे वळल्या. आई तिथं हातात भाताचं पातेलं घेऊन उभी होती. अण्णा खाली बघत म्हणाले, "मी आणला, अक्का. माझीच अक्कल ती."

मला त्या क्षणी अण्णांबद्दल पहिल्यांदा माया वाटली. वाटलं, आता तरी हे दोघं एकमेकांना धरून उभे राहतील.

आईनं पातेलं खाली ठेवलं. "त्ये खोटं बोलत्यात," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "त्यांनी वरीसभर निवडला. आणला मी. दसऱ्याला आला आसता तर माझ्या पोरानं त्यो नुसता बघितला आसता. म्हाळात आला म्हणून सवताच्या बोटानं खेळला. पाप लागायचं आसंल तर लागू द्या मला, म्या कवा न्हाई म्हणलं? पर आणला मी. एवढं एकच झालंय माझ्या हातनं त्याच्यासाठी. त्ये कुणी माझ्याकडनं काढून घिऊ नका."

मग तिनं पातेलं उचललं आणि पंगतीत भात वाढायला गेली. अण्णांच्या पानाशी आली तेव्हा त्यांनी मान वर केली नाही. नंतरची कित्येक वर्षं ते दोघं त्याच तीन खोल्यांत राहिले, पण तो कॉम्प्युटर 'मी आणला' असं अण्णा पुन्हा कधी कुणाला म्हणाले नाहीत.